उकळलेलं पाणी आजाऱ्याचं

आमच्या घरात वार दोनच होते. एक पाण्याचा आणि एक बिनपाण्याचा. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी हे सगळं कॅलेंडरवर. आमची उठबस ठरायची ती नळावर. पाणी एरवी तिसऱ्या दिवशी यायचं, उन्हाळ्यात पाचव्या नाहीतर सहाव्या. गोधड्या कधी धुवायच्या, डोक्यावरून अंघोळ कधी करायची, पाहुण्यांनी कधी यायचं, सगळं त्यावर. एकदा आत्या न कळवता बिनपाण्याच्या दिवशी चार माणसं घेऊन आली. आईने तोंडभर हसून स्वागत केलं आणि आत येऊन मला म्हणाली, "ह्यांच्या हातपाय धुण्यातच आपली उद्याची डाळ गेली."

आमची गल्ली मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागच्या अंगाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. गल्लीतली बहुतेक माणसं त्यांच्यासारखीच, गावाकडची शेती भावांवर सोपवून कारखान्याच्या भोंग्यावर जगणारी. घरं आपापल्या हाताने बांधलेली, जागा मिळेल तशी. नाली आधी होती की घरं आधी, हे कुणालाच आठवत नव्हतं.

पाण्याला जोर नव्हता. हंडा भरेपर्यंत बाईचं सासरचं निम्मं गाऱ्हाणं सांगून व्हायचं. मग कोपऱ्यावरच्या घराने नळाला विजेची मोटर लावली. त्यांचा हौद भरू लागला आणि पुढच्या दोन घरांचे नळ नुसते फुसफुसू लागले. त्या दोघांनी मोटरी आणल्या. मग त्यांच्या पुढच्यांनी. बळी तो कान पिळी. अण्णांनी बरेच महिने दम धरला. "दुसऱ्याच्या तोंडचं पाणी वढायचं, हे काय बरं नाय," म्हणायचे. पण एका उन्हाळ्यात सहा दिवसांनी पाणी आलं आणि आमच्या वाट्याला दोन हंडे मिळाले, तेव्हा तेही अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर घेऊन आले. लाकडाच्या फळीवर बसवली, आईने तिला हळदकुंकू वाहिलं, आणि बटणाचं काम माझ्याकडे आलं. बारावी झाली होती, पुढचं ठरायचं होतं, घरात मोकळी मीच होते. पाणी सुटायच्या आधीच बटण दाबायचं, म्हणजे पहिला घोट आपला. ह्या कामात मी इतकी तरबेज झाले की गल्लीत मला मोटरवाली म्हणू लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मोटर नव्हती ती फक्त समोरच्या खालांकडे. खाला शिवणकाम करायच्या, त्यांचे शोहर रिक्षा चालवायचे. त्यांच्या घरचं पिण्याचं पाणी गल्लीच्या टोकाच्या हापशाचं. ते पाणी मचूळ, त्यात डाळ शिजता शिजत नसे. खाला दोन्ही हातांत कळशा घेऊन दम खात खात यायच्या आणि मी आमच्या ओट्यावरून म्हणायचे, "खाला, तुमच्याकडं चहात मीठ आपोआपच पडतं का?" त्या हसायच्या. म्हणायच्या, "तू पी बेटा मीठा पानी." मला त्यांची कीव यायची.

आता नळाच्या लाइनविषयी सांगते. ती नालीच्या काठाने जात होती, दोन ठिकाणी तर नालीच्या आतूनच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो गंजलेला पाइप उघडा पडायचा आणि त्यावर पाय देऊन आम्ही पलीकडे जायचो. लहान पोरं, म्हातारी माणसं, सगळीच. इतकं डोळ्यांसमोर होतं सगळं.

पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं ते गढूळ यायचं, वास मारायचं. त्यासाठी आईचा कायदा होता. वास जाईपर्यंत भरायचं नाही, ते वाहू द्यायचं. मग पिण्याच्या रांजणात चार पदरी धोतराचं फडकं लावून पाणी घ्यायचं, वरून तुरटी फिरवायची. तासाभरात गाळ खाली बसायचा आणि पाणी असं निवळ व्हायचं की रांजणाचा तळ दिसायचा. निवळ म्हणजे चांगलं, ह्याविषयी आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती.

माझी थोरली बहीण, अक्का, शेंद्र्याच्या पुढे एका खेड्यात दिली होती. सासर खाऊनपिऊन सुखी, दारासमोर विहीर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. आई लगोलग जाऊन सांगून आली, पहिलं बाळंतपण माहेरीच. अक्काची सासू कमी बोलणारी बाई. ती एवढंच म्हणाली, "इहीणबाई, इथं विहीर हाय, हवा हाय. राहू द्या की पोरीला इथंच." आई हसत हसत म्हणाली, "तिथं दवाखाना हाकेच्या अंतरावर हाय. तुमच्या हितं कळा आल्या तर बैलगाडी जुंपेस्तोवर बाळ व्हायचं." दाजींनाही ते पटलं. आणि मला तर अक्का हवीच होती. सासरी गेल्यापासून माझ्याशी भांडायला कुणी उरलं नव्हतं.

ती सहावा महिना सरता सरता आली. तेव्हा नुकता वैशाख लागला होता. पत्रे तापायचे, दुपारी घरात बसवत नसे. अक्का ओल्या फडक्याने मान पुसत फरशीवर आडवी पडायची आणि मला हुकूम सोडायची. "ए मोटरवाले, पाणी दे. पोटातलं पण तहानलंय." मी म्हणायचे, "पोटातल्याला सांग, नळ परवा येणार आहे." ती इतकी हसायची की आई आतून ओरडायची.

दवाखान्यात नाव घालायला गेलो तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, हिला पाणी उकळून द्या. घरी आल्यावर दोन दिवस आईने उकळलं. पण उन्हाळ्यात उकळलेलं पाणी गार होता होत नाही. रॉकेलसाठी रांगेत उभं राहायला लागायचं. आणि अक्काने तोंड वाकडं केलं, "कसंतरी लागतंय गं, मळमळतंय." तिसऱ्या दिवशी आईने पातेलं उतरवलं. "आजारी हाय का ती? दोन जिवांची बाई हाय. उकळलेलं पाणी आजाऱ्याचं." आमच्याकडे असंच होतं. उकळलेलं पाणी, मुगाच्या डाळीचं कढण, भाताची पेज ही तापकऱ्याची ताटं. धडधाकट लेकीला, तेही माहेरपणाला आलेल्या, आजाऱ्याचं पाणी पाजायचं म्हणजे आईला अपशकुन वाटत होता. मीही काही बोलले नाही. रांजणातलं गार पाणी मला तरी कुठे सोडायचं होतं.

आणि मग तो दिवस. पाणी सहाव्या दिवशी येणार होतं, रांजणाच्या तळाशी तांब्याभर उरलं होतं. सकाळपासून मी बटणाशी बसले. नळ खुळखुळला तशी मी मोटर लावली. पाणी आलं ते काळपट, नेहमीपेक्षा जास्त घाण. मी वाहू दिलं. एवढ्यात वीज गेली. ती आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या आणि आमची धार करंगळीएवढी झाली. पाणी जाणार, हे कळत होतं. आई धुण्याकडे होती, अक्काने आतून दोनदा पाणी मागितलं होतं. मी नळी उचलली आणि रांजणात सोडली. पाण्याला वास होता. होता म्हणजे होता, आज मी स्वतःशी तरी खोटं बोलणार नाही. मी तुरटी नेहमीपेक्षा जास्त फिरवली. संध्याकाळपर्यंत पाणी निवळ झालं, वास गेला की मला त्याची सवय झाली, देव जाणे. पहिला पेला मी अक्काला दिला.

असल्या पाण्याने होणारी कावीळ लगेच येत नाही. महिनाभर काही झालं नाही, आणि म्हणूनच आम्हाला ती कुठून आली ते कळलं नाही. आधी कोपऱ्यावरच्या घरातला कर्ता माणूस पडला. मग आमच्या शेजारची दोन माणसं. मग अण्णा. त्यांचे डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, पंधरा दिवस रजा काढून पडून राहिले. मलाही झाली. मी ताक-भात खाऊन, ऊस चघळून तीन आठवड्यांत बरी झाले. गल्लीत सगळे म्हणायचे, साथ आलीय, उन्हाची आहे. खालांच्या घरी मात्र कुणालाच काही झालं नाही. ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

अक्काला आठव्या महिन्यात झाली. सुरुवात अण्णांसारखीच, मळमळ आणि कणकण. डोळे पिवळे दिसले तशी आईने तिला हर्सूलच्या पलीकडे कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. मी बरोबर होते. त्याने परातीत चुन्याचं पाणी घेतलं, तोंडाने काहीतरी पुटपुटत अक्काचे हात कोपरापासून खाली चोळले, आणि परातीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. आईच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! "बघ, बघ कशी उतरतीय." मीही परातीत बघत होते आणि मलाही ते पटलं. अण्णांची त्यानेच उतरवली होती, माझीही. तीन वेळा यायला सांगितलं होतं. हे तीन दिवस आम्ही दिले. त्याच्या हाताला आधीच झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्यात मिसळला की परात सगळ्यांचीच पिवळी होते, हे मला फार पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी खाला आल्या होत्या. अक्काच्या उशाशी बसून त्यांनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "आपा, बच्ची का रंग ठीक नहीं. दवाखाने लेके जाओ, देर नक्को करो." आई म्हणाली, "उतरतीय, खाला. पोटुशीला सुया टोचल्या तर बाळाला धस्का बसंल." खाला ओट्याखाली उतरल्या आणि परत वळल्या. मग म्हणाल्या, "मैं रिक्षा भेजूं?" आईने नकारार्थी मान हलवली.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का अंथरुणावर उठून बसली आणि रागाने मला म्हणाली, "मोटर बंद कर गं. डोक्यात वाजतीय." मोटर बंदच होती. तो पाण्याचा दिवसही नव्हता. मी तसं म्हटलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या परक्या बाईकडे बघावं. मी धावत समोर गेले. खालांचे शोहर जेवत होते, ताटावरून उठले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अक्काला आत घेतलं आणि मग आम्हाला विचारलं. पाणी कुठलं? नळाचं. नळाला मोटर आहे? आहे. लाइनीजवळ नाली आहे? अण्णांनी खाली बघितलं. बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. पाइप भरलेला असतो तोवर बाहेरची घाण आत येत नाही. तुम्ही रिकामा पाइप मोटरीने ओढता तेव्हा तो जिथे फुटका असेल तिथून बाजूचं काहीही ओढून घेतो. तुरटीने गाळ बसतो, रोग बसत नाही. ही कावीळ बाकीच्यांना येऊन जाते. शेवटच्या महिन्यांतली पोटुशी मात्र तिच्यात फार वाईट सापडते.

मी भिंतीला टेकून ऐकत होते. मी तीच कावीळ घेऊन ऊस चघळत ओट्यावर बसले होते.

त्या संध्याकाळी बाळ झालं. मुलगी. रडली नाही. अक्का शुद्धीवर नव्हती, तिला ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीही गेली. दाजी गावाहून पोचले तेव्हा तिच्या अंगावर चादर होती. त्यांनी फक्त तिचे पाय बघितले आणि खाली बसले.

तिला तिच्या सासरी नेलं, सगळं तिकडेच झालं. मला वाटलं होतं सासू आईला बोलेल, चारचौघांत बोलेल. ती बोलली नाही. तिने आईपुढे विहिरीच्या पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "घ्या, इहीणबाई. सकाळपासून घशाखाली काय नाय तुमच्या." आईने तांब्या हातात घेतला आणि ती तशीच बसून राहिली. ते पाणी तिच्याने प्यायलं गेलं नाही.

घरी परत आल्यावर अण्णांनी पाना घेतला आणि मोटर काढायला बसले. मी त्यांच्यापाशी जाऊन सांगून टाकलं, की त्या दिवशी पाण्याला वास होता आणि मी भरलं. अण्णा नट फिरवत राहिले. म्हणाले, "मोटर कुणी बसवली? म्या." आतून आईचा आवाज आला, "आणली मी तिला. तिची सासू राहू दे म्हणत व्हती." तिघंही एकाच मरणाचा दोष आपापल्या अंगावर ओढत होतो. त्या वेळी मला ते मोठेपण वाटलं. आता त्याचा संताप येतो. नाली बाहेर खुशाल वाहत होती, तिचा पाइप तसाच होता, गल्लीतल्या पन्नास मोटरी तशाच होत्या, आणि आम्ही तिघं घरात बसून आपलं काय चुकलं ते शोधत होतो. गरिबाच्या घरात माणूस मेलं की आधी घरातलीच माणसं गुन्हेगार ठरतात.

पाण्याचा दिवस आला. मोटर खाटेखाली होती. गल्ली घरघरली आणि आमच्या नळाला थेंब आला नाही. पुढच्या पाण्यालाही नाही. तिसऱ्या खेपेला अण्णांनी खाली वाकून मोटर बाहेर काढली. ती त्यांनी पुन्हा नळाला जोडली. धुण्याभांड्याला तरी पाणी लागतंच. पिण्यासाठी मात्र आई हापशावर जाऊ लागली, खालांबरोबर.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली. आई तोवर कुणाच्या दारात गेली नव्हती. ती उठली, केस सारखे केले आणि शेजारी जाऊन म्हणाली, "हिला सासरी धाडा. हितं ठेवू नका." मी दारातून ऐकत होते. शेजारणीचा चेहरा कसनुसा झाला. आई परत फिरली तशी ती तिच्या जावेला म्हणाली, "हिची गेली, आता दुसऱ्याच्या लेकीचं माहेरपण हिला बघवंना." आईने ते ऐकलं, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तिने हापशाची एक कळशी जास्त भरली आणि शेजारच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "पोरीला हेच प्यायला द्या," एवढंच म्हणाली. त्यांनी ती कळशी नालीत उपडी केली आणि पोरीच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. मी भडकले. म्हटलं, "आई, तुला काही मानपान आहे की नाही?" तिने रिकामी कळशी उचलून आत आणली. रोज एक कळशी ठेवत राहिली. रोज ती उपडी होत राहिली. काही दिवसांनी मात्र कळशी नुसतीच रिकामी मिळू लागली, कुठे ओतली ते दिसेनासं झालं. त्या पोरीनेच आत नेली असावी. आईने विचारलं नाही. तीन महिने एकही दिवस चुकला नाही, तिच्या खांद्याला वळ उठला.

पोरगी सुटली ती एका सकाळी. शेजाऱ्यांनी पेढे वाटले. ताट खालांच्या घरी गेलं, कोपऱ्यापर्यंत गेलं, आमच्या दारावरून पुढे गेलं. मी पळत हापशावर गेले. आई दांडा मारत होती.

"शेजारची बाळंत झाली," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "दोघं बी?" तिने विचारलं.

"दोघी. पोरगी झाली."

आईने पुन्हा दांडा धरला. कळशी भरून वाहायला लागली तरी ती मारतच राहिली, आणि मोठमोठ्याने रडत राहिली. खालांनी पुढे होऊन तिचे हात सोडवले.